तीन कुंड्या, दोन हिवाळे: न्यू जर्सीतल्या एका गॅलरीतल्या बोन्सायचं प्रकरण

जानेवारीतल्या एका रविवारी लेकीने व्हिडिओ कॉलवर जुनिपर या सूचिपर्णी झाडाची कुंडी कॅमेऱ्यासमोर धरली. "आई, हिरवंगार दिसतंय ना? पण हात लावला की नुसतं टोचतंय." मी तिला म्हटलं, खोडाची साल नखाने जराशी खरवड. तिने खरवडली. सालीखाली ओलसर हिरवा पापुद्रा दिसायला हवा होता, तिथे कोरडं तपकिरी लाकूड निघालं. एक काडी वाकवून बघायला सांगितलं, ती कट्कन मोडली. झाड मेलं होतं, आणि मरून बहुधा महिना होऊन गेला होता. जुनिपर असंच फसवतं. मुळं संपली तरी पाला कित्येक आठवडे हिरवा राहतो. रंग उतरायला लागतो तेव्हा करण्यासारखं काही उरलेलं नसतं.

झाड घरात घे, हा सल्ला माझा होता. पुण्यात बावीस वर्षं वामनवृक्ष सांभाळतेय. वड, पिंपळ, उंबर, नांद्रुक, चिंच, बोगनवेल मिळून चाळीसेक कुंड्या गच्चीत आहेत. त्या अनुभवाच्या भरवशावर मी लेकीला सांगितलं होतं, "बाहेर शून्याच्या खाली जातंय ना, मग आत घे सगळी." तीन झाडांचा पहिला हिवाळा कसा वाया गेला आणि दुसऱ्या हिवाळ्यात आम्ही मायलेकींनी काय केलं, ते इथे सविस्तर लिहितेय. परदेशातल्या मराठी घरांतून हाच प्रश्न दर नोव्हेंबरात मला विचारला जातो, म्हणून.

झाडं आणि जागा

लेक-जावई न्यू जर्सीच्या मध्य भागात तिसऱ्या मजल्यावर राहतात. पूर्वेकडे तोंड असलेली लहानशी गॅलरी, घरात खिडकीखाली खोली गरम ठेवणारा रेडिएटर. गॅरेज नाही, अंगण नाही.

पहिलं झाड जुनिपर. मॉलमधल्या एका स्टॉलवरून भेट म्हणून आलेलं. मातीवर खडे गोंदाने चिकटवलेले आणि चिठ्ठीवर लिहिलेलं, 'घरात ठेवा'. दुसरा जपानी मेपल, सात-आठ वर्षांचा, लेकीने मोठ्या हौसेने घेतलेला; शरद ऋतूत त्याची पानं कुंकवासारखी होतात. तिसरा फायकस, म्हणजे आपल्या नांद्रुकाचाच भाऊबंद.

तिघांची मूळ घरं वेगळी आहेत, आणि पुढचं सगळं यातूनच निघतं. जुनिपर थंड डोंगरातलं, वर्षातले महिने बर्फाखाली काढणारं. मेपल जपानच्या डोंगरउतारांवरचा, पानगळीचा. फायकस उष्ण, दमट मुलखातला; त्याला हिवाळा ही गोष्ट माहीतच नाही. मी मात्र तिघांना एकच नियम लावला.

पहिला हिवाळा

नोव्हेंबरच्या मध्यावर तिन्ही कुंड्या बैठकीत आल्या, रेडिएटरपासून हातभर अंतरावर. खोली बावीस-तेवीस अंशांवर आणि हवा इतकी कोरडी की लेकीचे ओठ फुटायचे.

फायकसने दोन आठवड्यांत निम्मी पानं टाकली. त्याची मला फारशी काळजी नव्हती. जागा आणि उजेड बदलला की फायकस रुसतो, पण फांद्या जिवंत असतात. दक्षिणेच्या खिडकीत नेऊन वर दिवा लावल्यावर मार्चपर्यंत तो सावरला.

मेपलचं वागणं मला कळेना. डिसेंबरात त्याने राहिलेली पानं गाळली आणि जानेवारीच्या शेवटी अचानक पालवी काढली. लेक खूश झाली. फोटो बघून माझ्या पोटात गोळा आला. काड्या लांबच लांब, दोन पानांमधलं अंतर बोटभर, पानं फिकट आणि पातळ. उजेड नाही, साठा संपत आलेला, आणि झाड वसंत आला समजून उरलंसुरलं खर्च करतंय. फेब्रुवारीत ती पालवी कोमेजली आणि तिच्यामागोमाग बारीक काड्याही वाळल्या. झाड वाचलं, पण वरचा आकार गेला.

जुनिपर तर गेलंच. कुंडी उपडी केली तेव्हा चिकटवलेल्या खड्यांखालची माती वीटभट्टीतल्या विटेसारखी निघाली. वरून ओतलेलं पाणी कडेने वाहून जात होतं, मधला गोळा कोरडाच. त्यात कोरडी उबदार हवा आणि अपुरा उजेड. बाहेर त्याची वाढ थांबली असती, पाण्याची गरज अगदी थोडी राहिली असती. घरात ते जागं राहिलं आणि उपाशी मेलं.

थंडी कोणाला हवी, कोणाला नको

इथे जरा थांबून लिहायला हवं, कारण चूक करण्यात नव्हती, समजण्यात होती.

पानगळीच्या आणि थंड मुलखातल्या सूचिपर्णी झाडांना हिवाळा सोसावा लागतो असं आपण म्हणतो. खरं तर तो त्यांना लागतो. दिवस लहान व्हायला लागले की ती तयारीला लागतात: वाढ थांबवतात, पेशींमध्ये साखर साठवतात, पेशींमधलं पाणी कमी करतात. मग गोठलेलं पाणी पेशींच्या बाहेरच्या पोकळीत राहतं आणि पेशी फुटत नाही. त्यानंतर त्यांना शून्य ते सात अंशांच्या आसपासची थंडी कित्येक आठवडे मिळावी लागते. डोळ्यांमधलं, म्हणजे पालवीच्या मिटलेल्या कळ्यांमधलं, कुलूप त्या थंडीनेच उघडतं. थंडी पुरेशी मिळाली नाही तर पालवी वेळीअवेळी, अर्धवट फुटते किंवा फुटतच नाही.

मी पुण्यात दोनदा जपानी मेपल करून पाहिला होता. जानेवारीत पुण्याची रात्र सरासरी अकरा-बारा अंशांची आणि दुपार तिशीच्या घरात. झाड धड झोपत नाही, धड जागंही राहत नाही. त्यावर एप्रिलचं ऊन, पानांच्या कडा करपलेल्या. दुसऱ्या वर्षी निम्मे डोळे फुटले, तिसऱ्या वर्षी एकही नाही. तेव्हा मी दोष उन्हाला दिला. आता वाटतं, तो कधी नीट झोपलाच नव्हता.

मग कुंडीतलं झाड गारठ्याने मरतं ते कशाने? मुळांमुळे. खोड आणि फांद्या जी थंडी सहज पेलतात ती मुळांना पेलत नाही, कारण जमिनीतल्या मुळांवर ती वेळच येत नाही. बाहेर उणे पंधरा असलं तरी हातभर खाली माती शून्याच्या आसपासच राहते. बोन्सायच्या उथळ कुंडीत मुळांभोवती चार बोटं माती आणि चारी बाजूंनी वारा. जपानी मेपलची मुळं साधारण उणे नऊ-दहा अंशांपलीकडे मरायला लागतात. नवीन पांढरी मुळी तर त्याच्याही आधी जाते. अमेरिकेच्या कृषी खात्याचा झाडांसाठीचा हवामान-नकाशा आहे, त्यात कुठल्या भागात वर्षातली सर्वांत थंड रात्र सरासरी किती उतरते ते पाहता येतं. पण तो जमिनीत लावलेल्या झाडांसाठी आहे. कुंडीसाठी त्या नकाशातले दोन पट्टे अधिक थंड धरून चालावं, असं तिथले जाणते लोक सांगतात.

दुसरा धोका वाऱ्याचा. माती गोठली की मुळांना पाणी ओढता येत नाही, आणि जुनिपरसारखं सदाहरित झाड उन्हा-वाऱ्यात पाल्यातून पाणी घालवतच राहतं. बर्फाच्या मुलखात झाड तहानेने मरू शकतं, हे मला पन्नाशीनंतर कळलं.

दुसरा हिवाळा

ऑक्टोबरच्या मध्यावर मी सहा महिन्यांसाठी लेकीकडे गेले. नवीन जुनिपर तिने वसंतातच नर्सरीतून आणलं होतं, उन्हाळाभर गॅलरीतच ठेवलं होतं. हे महत्त्वाचं. मुळात बाहेरच वाढलेलं झाडच हळूहळू काटक होतं. नोव्हेंबरात घरातून उचलून एकदम बाहेर ठेवलेलं नाही. नत्राचं खत आम्ही ऑगस्टपासून बंद केलं होतं, कोवळी वाढ थंडीत सापडू नये म्हणून. फायकस मात्र रात्री बारा अंशांवर आल्या तशा सप्टेंबरअखेरच आत गेला होता, थेट दक्षिणेच्या खिडकीत, रेडिएटरपासून दूर.

जुनिपर आणि मेपलसाठी लाकडी फळ्यांची पेटी केली. तीन फूट लांब, दोन फूट रुंद, दीड फूट खोल. तळाला पाण्यासाठी भोकं आणि त्यावर भोकांशी जुळवून कापलेला थर्मोकोलचा थर, कारण तिसऱ्या मजल्यावर जमिनीची ऊब मिळत नाही, गॅलरीच्या खालूनही गार हवाच. पेटी घराच्या भिंतीला चिकटवून ठेवली. भिंतीतून थोडी ऊब बाहेर झिरपत असते. आत पाइनच्या सालीचे तुकडे भरले, कुंड्या काठापर्यंत त्यात पुरल्या आणि मातीवरही दोन इंच सालीचं आच्छादन केलं. वाऱ्याच्या बाजूला गोणपाट बांधलं. जावई म्हणाले, "आई, अजून एक ब्लँकेट टाकूया का वरून?" त्यांना समजावलं की वरचा भाग गारच राहायला हवा.

कुंड्या पेटीत कधी पुरायच्या यावर आमचा वाद झाला. लेकीला पहिल्या हिमकणांनाच घाई. मी नोव्हेंबरअखेरपर्यंत थांबले. मेपलची पानं सगळी गळून जाऊ दिली, चार-पाच रात्री शून्याच्या थोड्या खाली जाऊ दिल्या. लवकर गुरफटलं तर झाड तयारी पुरी करत नाही.

एक थर्मामीटर कठड्याला टांगला, दुसऱ्याची तार मेपलच्या मातीत खोचली. रोज रात्री आणि पहाटे दोन्ही आकडे वहीत.

डिसेंबरातली एक रात्र मी विसरणार नाही. आदल्या सकाळी दोन्ही कुंड्यांना पाणी घातलं होतं. लेक विचारत होती, गोठणार असताना पाणी कशाला? रात्री नऊला कठड्यावर उणे दोन, मातीत शून्य. अकराला उणे चार, मातीत शून्य. झोप येईना म्हणून दोनला पुन्हा उठले: उणे सहा, मातीत शून्य. पहाटे सहालाही तार शून्यावरच अडकलेली. काडेपेटीतल्या काडीने माती टोकरून पाहिली तर वरचा थर कडक आणि खाली अजून ओलसर मऊ. पाणी गोठताना उष्णता सोडतं. एक ग्रॅम पाणी एक अंशाने गार होताना एक कॅलरी बाहेर टाकतं, पण शून्यावर आलेलं तेच पाणी बर्फ व्हायला ऐंशी कॅलरी बाहेर टाकतं. मातीतलं बहुतेक पाणी गोठेपर्यंत पारा शून्याखाली फारसा सरकत नाही. कोरड्या मातीला हा आधार नसतो, ती धाडकन खाली जाते.

माझं माहेर निफाडकडचं. महाराष्ट्रात थंडीचा कडाका म्हटला की निफाडचा आकडा आधी येतो. द्राक्षं भरली असताना पारा उतरला की वडील पहाटे तीनला बागेत पाणी सोडायचे, कडेला शेकोट्या पेटवायचे. विहिरीचं पाणी त्या वेळी हाताला कोमट लागायचं. तिथलं गणित थोडं वेगळं, तिथे पाणी गोठत नाही. विहिरीतली ऊब आणि ओल्या मातीने धरून ठेवलेली दिवसाची ऊब बागेला मिळते. पण थंडीच्या रात्री कोरडी जमीन हा शत्रू, हे मी लहानपणी पाहिलेलं होतं. न्यू जर्सीच्या गॅलरीत पहाटे सहाला ते आठवलं.

म्हणून पाणी हिवाळाभर चालू ठेवलं, पण बेताने. आठवड्यातून एकदा साल बाजूला करून बोट घालायचं. वाफसा असेल तर काही नाही, कोरडं वाटलं आणि माती मोकळी असेल तर सकाळी थोडं पाणी. बर्फ पडला की कठड्यावरचा भुसभुशीत बर्फ ओंजळीने उचलून पेटीत टाकायचा. बर्फाच्या थरात हवा अडकलेली असते, पांघरुणासारखं काम करतो, आणि वितळला की आपोआप पाणी मिळतं. फांद्यांवर साचलेला जड बर्फ तेवढा झटकायचा.

जानेवारीतल्या सर्वांत थंड रात्री कठड्यावर उणे चौदा होते, मेपलच्या मातीत उणे तीन.

पुण्याहून मी हौसेने नेलेली मातीची रिकामी कुंडी त्याच आठवड्यात उभी चिरली. कमी भाजलेल्या सच्छिद्र मातीत पाणी मुरतं, गोठून फुगतं. गोठणाऱ्या मुलखात चांगली भाजलेली, पाणी न शोषणारीच कुंडी हवी.

फेब्रुवारीची फसवी ऊब

फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात सलग तीन दिवस हवा पंधरा-सोळा अंशांवर गेली. लोक शर्टांवर फिरायला लागले. लेक म्हणाली, "आई, उघडूया ना आता, बिचारी कोंडलीत." मी नाही म्हटलं, आणि या सहा महिन्यांतला माझा सर्वांत बरोबर निर्णय हाच, असं मला वाटतं. बाहेर सोळा असताना मातीतली तार चारवर होती. म्हणजे साल थंडीपासून जेवढं वाचवत होती तेवढंच उबेपासूनही. गोणपाट सरकवून ऊन अडवलं, बस. पुढच्या आठवड्यात पारा उणे आठवर आला. मेपलचे डोळे लाल झाले होते, पण घट्ट मिटलेले होते.

पेटीचा उपयोग झाड गरम ठेवायचा नाही, त्याची झोप मोडू नये हा आहे. जपानमध्येही कुंड्या थंडीत आडोशाला, छपराखाली हलवतात ते वारा आणि टोकाचा गारठा टाळायला. उबदार खोलीत नेत नाहीत.

मुळं उघडली तेव्हा

मार्चअखेर, डोळे फुटायच्या बेतात असताना, मेपलची कुंडी बदलली. पुण्यात गुढीपाडव्याला कडुलिंबाला तांबूस पालवी असते. लेकीच्या गॅलरीतून दिसणारी झाडं अजून नुसती काटकुळी होती. पाडव्याची पुरणपोळी करून दुपारी आम्ही दोघी जमिनीवर वर्तमानपत्र पसरून बसलो.

मुळांचा गोळा सोडवला. भिंतीच्या बाजूला छान पांढरी मुळी, टोकं फुगलेली. कठड्याच्या बाजूचा कोपरा मात्र काळा. बोटात धरून ओढलं की सालपट हातात येऊन आतली दोरी उरत होती. थंडीने गेलेली मुळं अशीच असतात. पेटी पाहिली तेव्हा कारण कळलं: त्या कोपऱ्यातली साल हिवाळाभरात बसून चार बोटं खाली गेली होती, कुंडीची कड उघडी पडली होती. थर्मामीटरची तार मी भिंतीच्या बाजूला खोचली होती, त्यामुळे वहीतला उणे तीन हा आकडा कुंडीच्या निम्म्या भागापुरताच खरा होता. मेलेली मुळं कापली, तेवढ्या बाजूच्या फांद्याही थोड्या हलक्या केल्या.

जुनिपरला काहीच झालं नव्हतं. थंडीत पाला जांभळट-तपकिरी झाला तेव्हा लेक घाबरली होती. तो त्याचा हिवाळी रंग, एप्रिलमध्ये गेला.

हाच उपाय दुसरीकडे

हे वाचून पुण्या-मुंबईत कोणी पेटी करू नये. आपल्याकडे वड-पिंपळ-उंबराला हिवाळ्यात एवढंच: वाढ मंदावते म्हणून पाणी थोडं कमी, डिसेंबर-जानेवारीत जोरकस छाटणी किंवा मुळांची छाटणी नाही, अडेनियमला जवळजवळ कोरडं ठेवायचं, नाहीतर बुंधा सडतो. मुंबईत तेवढंही जाणवत नाही. लंडनला माझा भाचा असतो, त्याचा त्रास उलटाच. तिथे गारठा सौम्य पण महिनोन्‌महिने ओल. त्याच्या मेपलची मुळं गोठून नाही, पाण्यात बसून कुजली. त्याला मी कुंडीच्या एका बाजूखाली विटेचा तुकडा ठेवून ती तिरकी करायला सांगितलं, वर काचेचं छप्पर, आणि निचऱ्यासाठी भरड माती. न्यू जर्सीत मी ज्या ओलीसाठी धडपडले ती त्याच्याकडे नको होती. त्यामुळे कोणी 'हिवाळ्यात काय करू' विचारलं की मी आता आधी तीन गोष्टी विचारते: झाड कुठल्या मुलखातलं, तुमच्याकडची सर्वांत थंड रात्र किती, आणि कुंडीला वारा कुठून लागतो. झाडाचं नाव माहीत नसेल तर पानाचा फोटो मागवते, त्याशिवाय काही सांगत नाही.

एप्रिलनंतर

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात मी पुण्याला परतले. महिनाअखेर लेकीचा निरोप आला. रात्री शून्याखाली जाणार असा अंदाज होता आणि मेपलची पानं नुकतीच उलगडली होती. उलगडलेल्या कोवळ्या पानाला मग कसलंच चिलखत नसतं. जानेवारीत उणे चौदा पेललेलं झाड एप्रिलच्या उणे एकला पानं गमावतं. तिने मेपल रात्रीपुरता जिन्यातल्या गार कोपऱ्यात नेला आणि सकाळी पुन्हा बाहेर ठेवला. जुनिपर बाहेरच राहू दिलं. मला विचारलं नाही, नुसतं कळवलं. फायकस मेच्या मध्यावर, रात्री बारा अंशांच्या वर राहायला लागल्यावर, पहिले आठ दिवस सावलीत मग उन्हात, असा बाहेर आला.

येत्या नोव्हेंबरसाठी सालीची दोन जास्तीची पोती आणि दुसऱ्या तारेचा थर्मामीटर तिने आणून ठेवलाय. ती तार कठड्याच्या बाजूला जाणार. मेपलच्या ज्या अंगाची मुळं कापली तिथली एक जाडसर फांदी जून सरत आला तरी पालवलेली नाही. परवा तिने नख लावून पाहिलं. आत हिरवं आहे.